वीसपर्यंत

हॉस्पिटलच्या तळघरात तिचं राज्य होतं. राज्य म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला लागून लोखंडी मांडण्या, आणि मांडण्यांवर चादरी, उशांचे अभ्रे, रोग्यांचे मागून नाड्या बांधायचे झगे, ऑपरेशनला लागणारी हिरवी फडकी. धुलाईच्या यंत्रांतून निघालेला कपडा आधी शेजारच्या खोलीत इस्त्रीला जायचा आणि मग हिच्याकडे यायचा. मोजणं, घडी नीट आहे का बघणं, फाटकं बाजूला काढणं, गठ्ठे बांधून वॉर्डात पाठवणं हे तिचं काम. सव्वीस वर्षं ती तेच करत होती. सगळं हॉस्पिटल तिला चादरबाई म्हणायचं. खरं नाव होतं, पण ते आता फक्त हजेरीच्या पुस्तकात उरलं होतं.

गठ्ठा विसाचा असायचा. वीस चादरी, आडवी दोरी, उभी दोरी, गाठ. ही पद्धत तिच्या आधीपासूनची, पण मोजायची तऱ्हा तिची स्वतःची. ती मोठ्याने मोजायची आणि घरच्या भाषेत मोजायची. बाकी सगळं आयुष्य तिने बाहेरच्या भाषेत काढलं. लग्न त्या भाषेत केलं, मुलीला त्या भाषेत वाढवलं, भाजीवाल्याशी हुज्जतही त्याच भाषेत घातली. पण हातात कपडा आला की तोंडातून आकडे निघायचे ते घरचेच. इस्त्रीच्या खोलीतल्या बायांना त्याची इतकी सवय होती की तो आवाज थांबला तर त्या दारातून डोकावून बघायच्या, बाईला घेरी तर आली नाही ना.

त्या घरच्या भाषेला जगात काहीतरी नाव असणारच, पण घरात ते कोणी घेत नसे. 'आपल्यात बोल,' एवढंच आत्या म्हणायची. म्हणजे एक आपल्यातली आणि दुसरी बाहेरची, अशी सरळ वाटणी होती. ती नऊ वर्षांची असताना वडील तिला आणि आत्याला घेऊन इकडे आले. आई त्याआधीच गेली होती. वडील गवंडी. इकडे इमारती उठत होत्या, हाताला काम होतं, तेवढं कारण पुरेसं होतं.

गावाकडे असताना आठवड्याच्या बाजाराला जायचं तर आत्याची एक परीक्षा असे. दारात उभं राहून एका दमात म्हणून दाखवायचं: मी गवंड्याची मुलगी, वीटभट्टीमागचं तीन पायऱ्यांचं घर, मी हरवलेय, मला घरी पोचवा. मध्ये अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून. म्हणता आलं नाही तर बाजार नाही. इकडे आल्यावर आत्याने शेजारणीकडून तेच वाक्य बाहेरच्या भाषेत, नव्या पत्त्यासकट, लिहून घेतलं आणि पोरीकडून घोकून घेतलं. म्हणजे नव्या भाषेत तिला सगळ्यात आधी बोलता आलं ते 'मी हरवलेय' हेच. ते म्हणायची वेळ मात्र कधी आली नाही, कारण आत्या हात सोडेल तर ना.

पोरगी तोंडाची चलाख होती. वर्षभरात ती शाळेत भांडायला लागली आणि बारा वर्षांची होईतो घराचं तोंड बनली. घरमालकाशी ती बोलायची, कचेरीत ती बोलायची, दवाखान्यात वडिलांच्या पाठदुखीचं वर्णन डॉक्टरला ती ऐकवायची. वडील मागे टोपी हातात धरून उभे राहायचे आणि घरी आल्यावर आत्याला सांगायचे, काय सुरीसारखी जीभ चालते हिची दोन्हीकडे.

पुढे हॉस्पिटलात नोकरी लागली तेव्हा भरायच्या कागदावर एक रकाना होता, कोणकोणत्या भाषा येतात. तिने दोन लिहिल्या. आठवड्याभरात तिला वर बोलावणं आलं आणि एक निळा बिल्ला मिळाला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'दुभाषी' लिहिलं होतं. दुसऱ्या मजल्यावर सिस्टरांच्या टेबलामागे एक यादी लागली. डावीकडे भाषा, उजवीकडे माणूस. सहा भाषा, सहा नावं, वरून प्लॅस्टिक. तिचं तिसरं.

त्या काळी गावाकडची माणसं इकडे लोंढ्याने येत होती. आठवड्यातून दोनदा तरी तळघरातला फोन वाजायचा आणि ती हातातली घडी टाकून, बिल्ला सरळ करून वर जायची. दारात उभं राहून ती आपल्यात दोन शब्द बोलली की खाटेवरच्या माणसाचा चेहरा उजळायचा, कारण तोवर बिचाऱ्याशी कोणी बोललेलंच नसायचं, नुसतं त्याच्याकडे बघून मोठ्याने ओरडलेलं असायचं. एका बाईला तर आपण आपल्यात धीर देऊन देऊन बाळंत केलं, असं ती वर्षानुवर्षं सांगायची. सुईणीने त्या वेळी काय केलं ते ती सांगायची नाही. डॉक्टर तिला 'अहो बाई' म्हणायचे, खुर्ची द्यायचे. तळघरातल्या माणसाला वरच्या मजल्यावर कोणी खुर्ची देणं ही काही लहान गोष्ट नाही.

भाषा काही एका दिवसात गेली नाही. चोरी झाली असती तर कळलं तरी असतं. आधी गेले ते इकडे कधी न दिसणाऱ्या वस्तूंचे शब्द. टोपल्यांचे पाच प्रकार होते, त्यातला एक उरला. मग नाती गेली. वडिलांच्या थोरल्या भावाला एक शब्द होता, धाकट्याला दुसरा, आईच्या भावाला तिसरा. इकडे यातलं कोणी भेटणारच नव्हतं, तेव्हा तिघेही एका शब्दात कोंबले गेले. आत्या होती तोवर संध्याकाळी तासभर तरी आपल्यात गप्पा व्हायच्या, कोणाचं जमलं, कोणाचं फिसकटलं, कोण कसा वाया गेला. आत्या गेली आणि निंदानालस्तीची सगळी भाषा तिच्याबरोबर गेली. मग वडिलांना ऐकू येईना. बहिऱ्या माणसाशी कोण लांबलचक बोलतं? जेवलात का. गोळी घ्या. पाय दुखतो का. झोपा आता. शेवटची पाच वर्षं ती वडिलांशी एवढंच बोलली, तेही ओरडून. नऊ वर्षांपूर्वी वडील गेले आणि आपल्यात बोलायला घरात माणूसच उरलं नाही.

नवरा बस डेपोत मेकॅनिक. त्याला या भाषेचा गंध नव्हता, आणि त्याच्या मते त्यांचा संसार त्यामुळेच टिकला. "पूर्वी ही चिडली की आपल्यात शिव्या द्यायची," तो मित्रांना सांगायचा, "मला वाटायचं गाणं म्हणतेय. आता आमच्या भाषेत देते. सगळ्या कळतात." लोक हसायचे, तीही हसायची. मुलीने एकदा, दहा-अकरा वर्षांची असताना, "मला शिकव ना तुमची भाषा," म्हणून हट्ट धरला होता. ती म्हणाली, सुट्टी लागू दे. सुट्ट्या लागत गेल्या आणि संपत गेल्या. मुलगी आता नोकरीला होती.

आता यात दोष कोणाचा? तसा कोणाचाच नाही, आणि थोडा तिचा. कारण आपल्याजवळचं संपत आलंय हे तिला माहीत होतं, पण तिने तिकडे बघायचं टाळलं. वर्दीवर बिल्ला रोज लागत होता. दर सोमवारी ती तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची. नव्या आलेल्या नर्स कौतुकाने विचारायच्या, "बाई, तुम्हाला दोन भाषा येतात?" आणि ती म्हणायची, "येतात म्हणजे काय, घरचीच आहे." यादीतली बाकी पाच माणसं एकेक करून निवृत्त झाली, तरी यादी प्लॅस्टिकखाली तशीच राहिली. गावाकडून येणारी माणसंही आटली. आधी आलेल्यांची पोरं इथलीच झाली आणि आईबापांना दवाखान्यात स्वतःच घेऊन यायला लागली. तळघरातला तो फोन या कामासाठी शेवटचा वाजला त्याला अकरा वर्षं झाली होती.

एक गोष्ट तेवढी शाबूत होती, बोलण्याची ढब. जी दहा-पंधरा वाक्यं उरली होती ती तिच्या तोंडून अशी यायची की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई काल संध्याकाळीच गावाहून आलीय. हीच ढब पुढे घात करणार होती.

मंगळवारी दहाच्या सुमाराला फोन वाजला. मोठ्या सिस्टर होत्या. "चादरबाई, बिल्ला लावून लगेच वर या. तुमच्यातलं माणूस आलंय."

तिला धास्ती वाटली, आणि त्याच वेळी, खरं सांगायचं तर, आनंदही झाला. जिना चढताना ती मनात वाक्यं जुळवत होती. नमस्कार, कसं वाटतंय, कुठे दुखतंय. एवढ्यावर निभेल असं तिला वाटलं.

सतरा नंबरच्या खाटेवर सत्तरीचा एक सुतार होता. हाताचे पंजे फावड्याएवढे. इकडे पुतण्याकडे महिनाभर राहायला आला होता. पुतण्या लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. त्याने काकाच्या पायाची काळी पडलेली बोटं बघून त्याला आदल्या दिवशी इथे आणून सोडलं आणि माल घेऊन निघून गेला. आता त्याचा फोन लागत नव्हता. म्हाताऱ्याला साखरेचा आजार. दोन बोटं कापायची होती, नाहीतर पाय जाणार होता. उद्या सकाळी पहिलं ऑपरेशन त्याचंच. तरुण डॉक्टर आठ प्रश्नांचा कागद घेऊन उभे होते.

ती खाटेजवळ गेली आणि आपल्यात म्हणाली, "नमस्कार बाबा. कसं वाटतंय?"

म्हाताऱ्याने तिचं मनगट धरलं आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग तो जो बोलत सुटला तो थांबेचना. कालपासूनचं तुंबलेलं होतं. चादरबाईला त्यातलं निम्मं कळलं, निम्मं नुसतं कानावरून गेलं. पण आवाज ओळखीचा होता, चाल ओळखीची होती, घरात दुसऱ्या खोलीत मोठी माणसं बोलत असावीत तसं तिला वाटत होतं. ती मान डोलावत राहिली. मागे मोठ्या सिस्टर नव्या नर्सला म्हणाल्या, "बघ, याला म्हणतात आपलं माणूस."

पहिले सहा प्रश्न निभले. वय काय, शेवटचं कधी जेवलात, गोळ्या कोणत्या घेता, पाय किती दिवस दुखतोय. ही तर वडिलांशी बोलायचीच भाषा होती. सातवा प्रश्न होता, पूर्वी कधी भूल दिली होती का आणि तेव्हा काही त्रास झाला होता का. भुलीला घरच्या भाषेत काय म्हणतात ते तिला आठवेना. तिने विचारलं, "झोपायचं औषध, ऑपरेशनला, आधी दिलं होतं? बरं होतं?"

म्हातारा एकदम गंभीर झाला. तो हळू आवाजात दोन मिनिटं बोलला. छातीवर हात ठेवला, वर बघितलं. तिला भाऊ हा शब्द कळला, दोन दिवस कळलं, देव कळला. बाकी काही हाताला लागलं नाही. शेवटी त्याने तिच्याकडे बघून काहीतरी विचारलं, आणि चेहऱ्यावरून वाटलं म्हणून ती 'हो' म्हणाली. त्याने समाधानाने मान टेकली.

"काय म्हणतात?" डॉक्टरांनी कागदावरून मान वर न करता विचारलं.

'मला कळलं नाही' हे तीन शब्द बाहेरच्या भाषेत तिला चांगले येत होते. मागे मोठ्या सिस्टर उभ्या होत्या, नवी नर्स कौतुकाने बघत होती, खुर्ची दिलेली होती, बिल्ला लावलेला होता. ती म्हणाली, "नाही म्हणतात. काही त्रास नव्हता. देवाची कृपा, म्हणतात."

डॉक्टरांनी 'नाही' लिहिलं आणि आठवा प्रश्न विचारला.

तळघरात परत आल्यावर तिने चादरींचा ढीग समोर ओढला. जेवणाची सुट्टी तिने घेतली नाही. हात चालू होते, तोंड चालू होतं, डोकं मात्र सतरा नंबरपाशी होतं. त्याने छातीवर हात का ठेवला? देवाचं नाव घेताना सगळेच ठेवतात. पण वर कृपा मानून बघितलं, की घाबरून? आणि भाऊ कुठून आला मध्येच? ती चौदावर आली आणि थांबली. सव्वीस वर्षांत ती मोजताना कधी अशी अडकली नव्हती.

शेजारच्या दारातून इस्त्रीवालीने डोकं बाहेर काढलं. ही तिची बावीस वर्षांपासूनची मैत्रीण, हातात झग्यांचा ढीग.

"चौदावर काय अडकलीस गं?" असं म्हणून इस्त्रीवालीने पुढचे सहा आकडे घडाघडा म्हणून दाखवले. बाहेरच्या भाषेत नव्हे. चादरबाईच्या घरच्या भाषेत, तिच्याच चालीवर, शेवटच्या विसावर तसाच ठसका देऊन.

चादरबाई बघतच राहिली. "तुला कुठून येतं हे?"

"कुठून म्हणजे? बावीस वर्षं कान किटलेत माझे. वीसपर्यंत मला झोपेतही येतं. पुढचं तू कधी म्हटलंच नाहीस, मग मी शिकणार कुठून?"

चादरबाईने मनात पुढचा आकडा शोधला. विसानंतर काय? आत्या अंगणात लपंडावाला पन्नासपर्यंत म्हणायला लावायची. तो अंगणाचा कोपरा डोळ्यांसमोर आला, डोळ्यांवर धरलेले हात आठवले, आकडा काही आला नाही. गठ्ठा विसाचा होता, तेवढेच आकडे तिने वापरले आणि तेवढेच तिच्याजवळ राहिले. म्हणजे या इस्त्रीवालीला जेवढं येत होतं, जवळपास तेवढंच आता तिला येत होतं.

ती कसंनुसं हसून म्हणाली, "मग तूच जा की वर, दुभाषी म्हणून."

"मी?" इस्त्रीवाली खो खो हसली. "वेड लागलंय का तुला? कोणाचा जीव घ्यायचाय?"

इस्त्रीवाली झगे ठेवून गेली. चादरबाईने चौदा चादरी तशाच अर्धवट सोडल्या, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच, कोणी बोलावलेलं नसताना, ती दुसऱ्या मजल्यावर गेली.

मोठ्या सिस्टर त्यांच्या खोलीत डबा खात होत्या. ती दारातच उभी राहिली. "सातव्या प्रश्नाचं उत्तर मी ठोकून दिलं," ती म्हणाली.

"ठोकून दिलं म्हणजे?"

"म्हणजे मला कळलं नव्हतं ते काय म्हणाले. मला आता कळत नाही सिस्टर. येत नाही मला."

मोठ्या सिस्टरांचा घास हातातच राहिला. "बाई, तो माणूस उद्या सकाळी पहिला टेबलावर आहे."

"म्हणून तर आले."

"आणि बाकीचे सात?"

"ते बरोबर आहेत." ती थांबली. "बहुतेक."

"बहुतेक!" मोठ्या सिस्टर उठल्या. त्या रागावल्या होत्या आणि तो राग रास्त होता. "सकाळी सांगायला काय झालं होतं? चार वर्षं झाली, इथे फोनवर दुभाषी मिळतात. नंबर लावला की माणूस हजर. बाकी सगळ्या भाषांना आम्ही तेच वापरतो. तुमच्या भाषेला एकदाही वापरलं नाही. म्हटलं, आपल्या घरात माणूस असताना बाहेरचं कशाला?"

हे शेवटचं ऐकून तिला रागावण्यापेक्षा जास्त लागलं. तिने छातीवरचा बिल्ला काढला आणि डब्याशेजारी टेबलावर ठेवला. मोठ्या सिस्टरांनी तिकडे बघितलं आणि डॉक्टरांना फोन लावला.

वीस मिनिटांत तिघंही सतरा नंबरच्या खाटेशी होती. चादरबाईला कोणी बोलावलं नव्हतं, पण जा असंही कोणी म्हटलं नाही, म्हणून ती पायथ्याशी उभी राहिली. मोठ्या सिस्टरांनी फोन उशीजवळ ठेवला आणि आवाज मोठा केला. पलीकडे एक मुलगी होती. आवाज तरुण, स्वच्छ, दोन्ही भाषा अगदी काठोकाठ भरलेल्या. ती कुठून बोलत होती देव जाणे. डॉक्टरांनी सातवा प्रश्न पुन्हा विचारला आणि मुलीने तो आपल्यात म्हटला. भूल हा शब्द चादरबाईच्या कानावर पडला आणि लगेच ओळखीचा वाटला. हाच की तो. आत्याच्या मोतीबिंदूच्या वेळी रोज घरात असायचा.

म्हातारा गोंधळून आधी चादरबाईकडे बघत राहिला. मग तो फोनकडे बघून बोलायला लागला आणि मुलगी वाक्यामागून वाक्य सांगत गेली.

"ते म्हणतायत, सकाळी मी या बाईंना सगळं सांगितलं होतं. बारा वर्षांपूर्वी माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. भुलीचं इंजेक्शन दिल्यावर गळा सुजून बंद झाला. दोन दिवस यंत्रावर श्वास चालू होता. माझा भाऊ बाहेर देवाचा धावा करत बसला होता. तिथल्या डॉक्टरांनी बजावलंय, जिथे जाशील तिथे हे पहिल्यांदा सांग. नाहीतर पुढच्या वेळी वाचणार नाहीस."

डॉक्टरांनी कागदावरचा 'नाही' हा शब्द बघितला. त्यांनी तो खोडला नाही, कागदच फाडला आणि नवा घेतला. मग त्यांनी त्या गावच्या हॉस्पिटलचं नाव विचारलं, साल विचारलं, आणि मोठ्या सिस्टरांना सांगितलं की उद्याचं ऑपरेशन पुढे ढकला, भूलतज्ज्ञांना आत्ताच बोलवा, आणि आठही प्रश्न मी पुन्हा पहिल्यापासून विचारणार आहे. ते चादरबाईला काहीही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर तिला बरं वाटलं असतं.

आठही प्रश्न झाले. बाकीचे सात बरोबर निघाले. मग म्हाताऱ्याने हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि चादरबाईकडे बोट दाखवून काही विचारलं.

फोनवरची मुलगी म्हणाली, "ते विचारतायत, मी सगळं सांगितल्यावर या बाईंना विचारलं होतं, सांगशील ना गं यांना? या हो म्हणाल्या. मग सांगितलं का नाही?"

खोलीत सगळे तिच्याकडे बघत होते. कशाला तिने 'हो' म्हटलं होतं ते तिला आत्ता कळलं. तिने खाटेची कड धरली.

"त्यांना सांगा," ती बाहेरच्या भाषेत म्हणाली, "मी नऊ वर्षांची असताना इकडे आले. वडील गेले, आत्या गेली, मग बोलायला कोणी राहिलं नाही. मला त्यांचं कळलं नव्हतं. कळलं नाही म्हणायची लाज वाटली. त्यांना सांगा, चूक झाली माझी. मोठी चूक झाली."

मुलीने ते आपल्यात सांगितलं. कुठेही न अडखळता, शब्दाला शब्द. चादरबाई आपलंच बोलणं आपल्याच भाषेत परक्या मुलीच्या तोंडून ऐकत उभी राहिली. त्यातला लाज हा शब्द तिला लगेच कळला. लहानपणी तो तिच्या वाट्याला पुष्कळदा यायचा.

म्हातारा कोपरावर रेलून थोडा उठला. त्याने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, तिच्या वर्दीवर बिल्ल्याच्या टाचणीची दोन भोकं होती तिथेही. मग तो एक छोटं वाक्य बोलला.

"ते म्हणतायत," मुलगी म्हणाली, "बोलणं तर अगदी आमच्या तिकडचं आहे. कोणाची गं तू?"

हा प्रश्न तिला भाषांतराच्या आधीच कळला होता. बाजारात, रस्त्यात, पाणवठ्यावर कोणीही मोठं माणूस लहान पोरीला पहिल्यांदा हेच विचारायचं. आणि त्याचं उत्तर तिला येत होतं. तिने फोनकडे बघितलं नाही. ती म्हाताऱ्याकडे बघून आपल्यात म्हणाली, मी गवंड्याची मुलगी. वीटभट्टीमागचं तीन पायऱ्यांचं घर.

इथे थांबायला हवं होतं. विचारलेलं तेवढंच होतं. पण आत्याने ते वाक्य तोडून कधी शिकवलंच नव्हतं. ते एका दमात म्हणायचं होतं, आणि तिच्या तोंडून ते शेवटपर्यंत गेलं.

फोनवरच्या मुलीला यातलं काय ठाऊक? ती आपलं काम चोख करणारी होती. तिने सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात सांगितलं, "बाई म्हणतायत, मी गवंड्याची मुलगी. वीटभट्टीमागचं तीन पायऱ्यांचं घर. मी हरवलेय, मला घरी पोचवा."

डॉक्टरांनी पेन खाली केलं. मोठ्या सिस्टर खिडकीकडे बघायला लागल्या. सतरा नंबरने आपला दुखरा पाय दोन्ही हातांनी धरून हळूच भिंतीकडे सरकवला, आणि खाटेवर मोकळ्या झालेल्या जागेवर पंजा आपटून तिला म्हणाला, "बस इथं."

ते तिला कळलं. ती बसली.